बंदीत गावी आलात? घराची घडी अशी बसवा

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत १४ एप्रिलच्या रात्रीपासून पुन्हा संचारबंदी लागली आणि पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, सुरतेहून माणसं गावाकडे निघाली. आदल्या वर्षी, २०२० च्या बंदीत, आलेली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर परत गेली होती. त्यातली काही पुन्हा आली, काही आयुष्यात पहिल्यांदाच गावात राहायला आली. शहरात दोन खोल्यांत संसार केलेली सून, गाव फक्त सुट्टीपुरतं पाहिलेली लेकरं, सोबत सासू-सासरे, दीर-जाऊ आणि एक थकलेली आजी. चार माणसांचं घर एकाएकी नऊ माणसांचं होतं. हे मार्गदर्शन तेव्हाच्या त्या घरासाठी आहे. यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला, वाशीम, बुलढाणा या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याला धरून लिहिते आहे. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाचा मुलूख, तिथे काही तपशील बदलतील.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगते. बंदीत घराचा सगळा भार चुलीजवळच्या एका बाईवर येऊन पडतो. २०२० साली गावात घरोघरी हेच दिसलं. माणसं वाढली, बाहेरचं येणं बंद झालं, पुरुष आणि पोरं दिवसभर घरी, आणि ती बाई मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत उभी. दोन महिन्यांत तिची कंबर जाते, मग घरात चिडचिड सुरू होते, मग भांडणं. म्हणून खालचं प्रत्येक काम वाचताना स्वतःला एकच विचारा: हे आपल्या घरात करणार कोण?

आल्या दिवशी: घराचे दोन भाग करा

आलेल्यांनी पहिले १४ दिवस वेगळं राहायचं. आमच्याकडच्या बहुतेक घरांना सपरी (पुढची ओसरी) असते, मागे गोठा किंवा कोठा असतो. आलेल्यांच्या खाटा सपरीत किंवा कोठ्यात टाका, म्हाताऱ्या माणसांना आतली खोली द्या. ताट, पेला, बादली वेगळी. संडास एकच असेल तर आलेल्यांनी शेवटी वापरावा, वापरल्यावर साबणाच्या पाण्याने कडी, नळ, पाण्याचा मग पुसून घ्यावा, आणि दार काही वेळ उघडं ठेवावं. दोनच खोल्या असतील आणि माणसं दहा असतील तर लाजू नका, ग्रामपंचायतीला सांगा. २०२० साली जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरणाची सोय झाली होती. लेकरांना आजीच्या मांडीवर जायचं असतं, त्यांना दोन आठवडे अडवणं कठीण जातं. तरीही अडवा. आजीने अंगणात खाट टाकावी, पोरांनी सपरीच्या पायरीवर बसावं, मधे पाच-सहा हात अंतर ठेवून गोष्ट ऐकावी.

ताप आला तर तो "उन्हाचा" किंवा "टायफॉईडचा" म्हणून अंगावर काढायची आपल्याकडे सवय आहे. २०२१ च्या लाटेत या सवयीनेच गावोगाव घात केला. ताप, खोकला, घसा, अंगदुखी, वास जाणं, जुलाब यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी आशाताईंना कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्या. गावच्या डॉक्टरकडून सलाईन लावून घरी पडून राहण्यात पहिले मोलाचे दिवस निघून जातात.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, तेव्हा बहुतेक आशाताईंकडे होतं. घरात घेणं परवडत असेल तर चार घरांनी मिळून एक घ्या, दर वेळी पुसून पुढे द्या. मोजायची रीत नीट शिकून घ्या. नखाला नेलपॉलिश नको, गर्द मेंदी लागलेलं बोट नको, हात गार असेल तर आधी चोळून गरम करा, आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. आकडा ९४ च्या खाली आला तर रात्र असो की दिवस, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा. आकडा चांगला असला आणि दम लागत नसला तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा. ३ किंवा त्याहून जास्त आकड्यांनी उतरला तर दवाखान्यात दाखवायला हवं. साठीपुढच्यांना तीन मिनिटं चालणं पुरे. गाडी येईपर्यंत रुग्णाला पालथं झोपवलं तर श्वासाला मदत होते, गरोदर बाईला मात्र पालथं झोपवू नये. स्टेरॉईडच्या गोळ्या कोणी सांगितल्या म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

रुग्णाची सेवा एकाच माणसाने करावी. ते माणूस सूनच असलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. घरात पंचवीस-तीस वर्षांचा धडधाकट मुलगा असेल तर त्याने मास्क बांधून आईला जेवण द्यावं, तिची भांडी धुवावी.

दुसऱ्या दिवशी: सगळ्यांना बसवून कामं वाटा

एक वही घ्या. घरातली सगळी कामं तिच्यात लिहा, बारीकसारीकही: पाणी भरणं, अंगण झाडणं, शेण काढणं, भाकरी थापणं, भाजी चिरणं, भांडी, कपडे, दळण, म्हाताऱ्यांची औषधं, लेकरांचा अभ्यास, कूलरमध्ये पाणी टाकणं, ढोरांचं पाणी. मग प्रत्येक कामापुढे नाव. यादी लिहून काढली की पुरुषमंडळींना पहिल्यांदाच दिसतं की घरात एवढी कामं होतात.

शहरातून आलेल्या मुलाला आईसमोर भांडी घासायला संकोच वाटतो, आणि आईही लगेच म्हणते, "राहू दे रे, मी करतो." आमच्याकडे बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते अगदी सहज वाटतं, आणि तिथेच काम पुन्हा तिच्याकडे जातं. मुलाने हातातलं भांडं सोडायचं नाही. चार दिवसांत आईला सवय होते.

नव्याने आलेल्या सुनांना एक सांगणं आहे. सासूचं स्वयंपाकघर तिच्या पद्धतीने चालतं. डबे बदलू नका, मसाल्याच्या जागा बदलू नका. पाहिजे तर एक वेळचा स्वयंपाक पूर्ण तुमच्याकडे घ्या आणि त्या वेळी सासूला खरंच बाहेर बसवा. आणि सासवांना सांगणं असं की सुनेची भाकर वेडीवाकडी झाली तरी ती भाकरच असते, पोट भरते.

दिवस उन्हाच्या हिशेबाने बांधा

शहरातलं घड्याळ इथे उपयोगाचं नाही. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. २०२० साली मेच्या शेवटच्या आठवड्यात तर तो ४७ वर गेला होता. म्हणून पहाटे पाचला उठायचं. झाडलोट, पाणी, ढोरं आणि दोन्ही वेळचा मुख्य स्वयंपाक नऊच्या आत आटोपायचा. २०२१ च्या बंदीत दुकानं सकाळी ७ ते ११ उघडी असायची, त्यामुळे आणायचं ते आठपर्यंत आणून घ्यायचं. दुपारी बारा ते चार कोणीही बाहेर पडायचं नाही, या वेळात बसून करायची कामं करायची नाहीतर झोपायचं. पाचनंतर पुन्हा हालचाल.

बाहेर जावंच लागलं तर डोकं-कान दुपट्ट्याने बांधा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचं थांबत नाही. घरात माठ किंवा रांजण भरलेला असू द्या, पन्हं, ताक, ज्वारीची आंबील रोज पोटात जाऊ द्या. मीठ-साखरेचं पाणी करायचं प्रमाण पाठ करा: १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलेलं, घाम थांबलेला आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर सावलीत आणा, ओल्या कापडाने अंग पुसत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

कूलर इथे गरजेची वस्तू आहे. तो खिडकीबाहेर लावा आणि समोरचं दार-खिडकी उघडी ठेवा. आत नवी हवा येते, जुनी बाहेर जाते, आणि या आजारात खोलीतली हवा बदलती राहणं फार महत्त्वाचं. बंद खोलीत कूलर लावला तर दमटपणा वाढतो आणि तीच हवा सगळे घेतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डासांची अंडी होतात आणि पावसाळ्याआधीच डेंग्यूला आमंत्रण मिळतं. आणि हे लेकरांना दहा वेळा सांगा: कूलरमध्ये पाणी टाकण्याआधी बटण बंद करायचं आणि पिनही काढायची. लोखंडी कूलरच्या शॉकने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. आर्थिंग नसेल तर वायरमनला बोलावून आजच करून घ्या.

घरात आहे त्यावर स्वयंपाक

आधी मोजा. मोठ्या माणसाला महिन्याला साधारण १० ते १२ किलो धान्य आणि दीड-दोन किलो डाळ धरली तर घराचा हिशेब निघतो. घरात ज्वारी, गहू, तूर, हरभरा किती पोती आहे, ते वहीत लिहा. मग रेशन. अन्नसुरक्षेच्या यादीतल्या माणसांना २०२१ च्या मे आणि जूनसाठी माणशी ५ किलो मोफत धान्य केंद्राने पुन्हा जाहीर केलं होतं, आणि राज्याने एका महिन्यासाठी माणशी ३ किलो गहू, २ किलो तांदूळ मोफत दिला होता. तुमचं कार्ड पुण्याचं असलं तरी गावच्या रास्तभाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. दुकानदार "इथलं नाही" म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा विभागाला विचारा.

बंदीत आठवडी बाजार भरत नाही, त्यामुळे भाजीची अडचण होते. इथेच गावचं शहाणपण कामी येतं. चिवळीची भाजी या दिवसांत शेताच्या बांधावर, ओल्या जागी मिळते. तुरीच्या डाळीत घालून केली तर उन्हाळ्यात पोटाला थंड. बेसन तर घरचंच. एक दिवस झुणका, एक दिवस पातोडीचा रस्सा, एक दिवस मुंगवड्यांची भाजी, एक दिवस नुसती जवसाची चटणी, भाकर आणि कांदा. वाळवलेली वांगी, गवार, मेथी मागच्या हंगामातली असेल तर ती काढा. कोहळं आणि आलू हवेशीर जागी ठेवले तर बरेच दिवस टिकतात, म्हणून आणताना तेच जास्त आणा. सांबार (कोथिंबीर) आणला तर ओल्या कापडात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवा.

लेकरं चार दिवस कुरकुर करतील. बिस्किटाचे पुडे आणून त्यांची समजूत काढू नका. दुपारी फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि गूळ, संध्याकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीचा, यावर ती रुळतात.

आणि हे वाळवणाचे दिवस आहेत. शहरातून आलेल्या बायांनी हे काम शिकून घ्यावं, कारण पावसाळ्यात भाजी महाग झाली की याच डब्यांवर घर चालतं. कुरडयांचं सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. या उन्हात वास लवकर येतो, म्हणून मी दिवसातून दोनदा बदलते. चौथ्या दिवशी पहाटे ते वाटून, कापडातून पिळून दूध काढायचं, चोथा ढोरांना जातो. दूध मोठ्या गंजात झाकून स्थिर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं की खाली पांढरा घट्ट चीक राहतो. जितका चीक तितकंच पाणी उकळायला ठेवायचं, मीठ, थोडा हिंग टाकायचा, आणि चीक एका हाताने बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा दिसू लागला की झाकण ठेवून वाफ द्यायची. हे घोटणं ताकदीचं काम आहे, दंडाला रग लागते. ते घरच्या पुरुषाने घ्यावं. गरम चिकाची पहिली वाटी तेल-तिखट किंवा साखर घालून लेकरांना मिळते, म्हणून तीही पहाटे चारला हाक न मारता उठतात. मग सोऱ्यातून खाटेवरच्या धोतरावर कुरडया पाडायच्या, ऊन चढायच्या आत. दोन दिवस कडक वाळल्या की डब्यात.

तसेच सरगुंडे, शेवया, मुंगवड्या, पापड. दोन-तीन घरांच्या बाया मिळून हे करायची आपली रीत, पण अशा बंदीत एकत्र बसू नका. एका घराने शेवया कराव्या, दुसऱ्याने मुंगवड्या, आणि डबे बदलून घ्यावेत.

इंधनाचंही बघा. डाळ दोन-तीन तास भिजवली की निम्म्या आचेत शिजते. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) चुलीला वापरा, पण पऱ्हाटीचे ढीग पावसाळ्यापर्यंत घराजवळ ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्यातल्या वाळक्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर जाते. २०१७ साली तिने काय केलं हे यवतमाळकडच्या कोणालाही विचारा. आजारी किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर चूल अंगणात हलवा.

कापूस अजून घरात असेल तर तो जुन्या लुगड्यांनी झाका, त्याच खोलीत झोपू नका आणि लेकरांना ढिगावर खेळू देऊ नका. २०२० साली खरेदी लांबली आणि जूनपर्यंत घरात कापूस राहिला, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. त्या खोलीत बिडी, दिवा, मोबाईलचा चार्जर काहीही नको.

पाणी आणि परसबाग

नळ दोन-तीन दिवसांआड येतो हे धरूनच चाला. प्यायचं, स्वयंपाकाचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं असतं. तिथे आलेल्यांनी नळाचं पाणी फक्त पिण्यासाठी आणि डाळ शिजवण्यासाठी राखावं, खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी गाळून, ग्रामपंचायतीकडे मिळणारं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) टाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा.

साबणाने हात धुताना नळ सोडून ठेवू नका. हात ओले करा, नळ बंद, वीस सेकंद चोळा, मग मगभर पाण्यात धुवा. ते पाणी कुठे जातं हे बघणं आता तुमचं काम. न्हाणीचं पाणी रस्त्यावर सोडलं की चिखल, डास आणि शेजाऱ्यांशी भांडण. न्हाणीपासून थोडं दूर, विहिरीपासून लांब, साधारण १ मीटर लांब, रुंद, खोल शोषखड्डा खणा. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, वर विटांचे तुकडे आणि जाड रेती. पाणी आधी एका मडक्यातून किंवा छोट्या टाकीतून येऊ द्या म्हणजे गाळ तिथे अडकेल. घरात बसून कंटाळलेल्या दोन तरुणांना हे दोन सकाळींचं काम आहे. काळ्या जमिनीत पाणी हळू मुरतं, म्हणून खड्डा थोडा मोठाच घ्या.

परसबागेची तयारी आत्ता करायची, लागवड पहिल्या पावसावर. भर उन्हाळ्यात न्हाणीजवळ पुदिना, चवळी, चार भेंडीची झाडं एवढंच जगेल. मेमध्ये वाफे खणून तापू द्या, त्यांत कुजलेलं शेणखत भरा, भोवती तुराट्यांचं कुंपण बांधा, नाहीतर बकऱ्या एका दुपारी सगळं संपवतात. दोडके, कारले, लौकी, वाल, कोहळं यांचं बी शेजारीपाजारी मागा, गावात कोणी नाही म्हणत नाही. अंबाडी कुंपणाच्या कडेने. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचतगटांनी २०२० च्या पावसाळ्यात पोषण परसबागा लावल्या होत्या, तुमच्या गावच्या गटातल्या ताईंकडून वाफ्यांची रचना समजून घ्या. बागेचं रोजचं पाणी एकाच लेकराच्या नावावर लिहा.

मन, लेकरं, म्हातारी माणसं

शहरातलं काम गेलेला माणूस गावात आला की पहिले आठ दिवस गप्पा मारतो, नंतर खाटेवर पडून मोबाईल बघतो. त्याला "काहीतरी कर ना" म्हणू नका. त्याला एक ठरलेलं काम द्या, ज्याच्यावाचून घराचं अडेल. तो रात्र-रात्र झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, "माझं ओझं झालंय" असं काही बोलत असेल तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि १०४ वर फोन करा, तिथे समुपदेशकाशी बोलता येतं. कर्जाच्या काळजीने माणसं गमावलेला हा मुलूख आहे, इथे हे उघड बोलायलाच हवं.

घरात दारूने मारहाण होत असेल तर सुनेने, मुलीने ती सोसत बसू नये. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, लेकरांसाठी १०९८. शेजारच्या बाईने आवाज ऐकला तर कडी वाजवावी, "मीठ आहे का" विचारावं. तेवढ्यानेही हात थांबतो, आणि मग तिच्यासाठी फोन करता येतो.

२०२१ साली पहिली ते आठवीची परीक्षा झाली नाही, दहावीचीही रद्द झाली. पोरं मोकळी होती आणि घरात मोबाईल एक. तो सगळ्यांत मोठ्या भावाच्या हातात राहतो आणि धाकट्या बहिणीला मिळत नाही, हे वाटपही वहीत लिहा. टीव्ही असेल तर त्यावरचे शाळेचे कार्यक्रम बघू द्या, २०२० साली सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायचं ते लेकरांना आवडलं होतं. पण खरा अभ्यास घरातच पडलेला आहे. पोत्यांचा हिशेब, रेशनच्या किलोंचा गुणाकार, आजीला विचारून पाच पिढ्यांची वंशावळ, शेताचा नकाशा. शहरातल्या पोरांना विहीर, ढोरं, साप यांची जाण नसते. पहिल्याच आठवड्यात त्यांना गावच्या पोरांसोबत नव्हे, घरच्या मोठ्या माणसासोबत शेत फिरवा आणि कुठे जायचं नाही ते दाखवा.

म्हाताऱ्यांना सप्ताह, भजन, पारावरच्या बैठका बंद झाल्याचं दुःख असतं, ते आपल्याला कळत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत संध्याकाळी होते. ती आता घरच्या अंगणात म्हणा, आजोबांना पुढे बसवा. त्यांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम आणून ठेवा. २०२१ च्या एप्रिलमध्ये ४५ च्या पुढच्यांना करोनाची लस सुरू झाली होती, अशांना ती घ्यायला न्या. "लस घेतली आणि माणूस गेला" अशा गोष्टी तेव्हा गावात फिरत होत्या, त्यांना उत्तर म्हणजे गावातल्या लस घेऊन ठणठणीत असलेल्या आजोबांशी यांचं फोनवर बोलणं करून देणं. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप, कणकण येऊ शकते, तेवढे दिवस त्यांच्यावर काम नको.

पैसा

घरात येणारा आणि जाणारा प्रत्येक रुपया त्याच वहीत लिहायचा, रोज रात्री. हाताला काम हवं असेल तर रोजगार हमीचं जॉबकार्ड काढा. ग्राम रोजगार सेवकाकडे नमुना ४ भरून कामाची मागणी करा आणि तारखेची पोच घ्या. मागणीपासून १५ दिवसांत काम देणं बंधनकारक आहे, नाहीतर बेरोजगार भत्ता मागता येतो, आणि पोच नसेल तर हे सिद्ध करता येत नाही. २०२१ साली दिवसाची मजुरी २४८ रुपये होती. शहरातल्या पगारापुढे थोडी वाटेल, पण शोषखड्डा, शेततळं, बांधबंदिस्ती ही कामं आपल्याच गावात राहतात. सावकाराकडे जाण्याआधी बचतगटाकडे विचारा.

बियाणं: मे संपण्याआधी करायचं काम

२०२० च्या जूनमध्ये कितीतरी शेतांत विकतचं सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली. त्यात काढणीच्या वेळी पाऊस लागला, त्यामुळे २०२१ साली चांगल्या बियाण्याच्या टंचाईची भीती होती. सोयाबीन हे सरळ वाण आहे, संकरित नाही, प्रमाणित बियाण्यापासून आलेलं घरचं बी पुढची दोन वर्षं पेरता येतं. फक्त त्याची उगवण तपासून घ्यायची.

न निवडता पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठ-मूठ घ्या आणि त्यातले १०० दाणे मोजा. गोणपाट धुऊन ओलं करा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले, सरळ कोंब आलेले दाणे मोजा. असं तीनदा करून सरासरी काढा. ७० किंवा वर असेल तर एकरी ३० किलो बी पुरेल. ६५ आलं तर साधारण ३२ किलो, ६० आलं तर ३५ किलो लागेल. ६० च्या खाली असेल तर ते बी पेरू नका, बाजारात विका. हे मोजण्याचं काम लेकरांना द्या, ती आपल्यापेक्षा काटेकोर मोजतात. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नका, फेकू नका, थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, आणि बी ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ न देता. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पुढे पावसाने ताण दिला तर सगळं बी वाया जातं. तिफण, डवरे, वखराची पास आत्ताच काढून पाहा आणि दुरुस्तीला द्या. त्या बंदीत कृषी केंद्रंही सकाळी ७ ते ११ याच वेळेत उघडी असायची, बीजप्रक्रियेसाठी (पेरणीआधी बियाण्याला लावायला) रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा लागेल तेवढं आधीच सांगून ठेवा, म्हणजे जूनच्या गर्दीत एका माणसाला रांगेत उभं राहावं लागणार नाही.